स्पर्धेला परीक्षक नेमताय? मग आधी जरा कोर्टाकडे बघा

कुठलीही स्पर्धा भरवायची ठरली की आयोजकांची पहिली मीटिंग हॉल, तारीख, बॅनर आणि बक्षिसं यातच संपते आणि परीक्षकांचा विषय निघतो शेवटच्या दहा मिनिटांत, सगळे उठायच्या बेतात असताना. कोणीतरी म्हणतं, "माझ्या ओळखीचे एक सर आहेत, बोलवू त्यांना", दुसरं कोणी म्हणतं, "गेल्या वेळच्या मॅडमनाच विचारू की", झालं, ठरले परीक्षक. मी बरीच वर्षं वक्तृत्व, निबंध, गायन अशा स्पर्धांच्या आयोजनात आहे, परीक्षक म्हणूनही पुष्कळदा बसलोय, आणि आता माझं ठाम मत झालंय की निकालावरून जी भांडणं होतात त्यातली बहुतेक त्या शेवटच्या दहा मिनिटांत पेरली गेलेली असतात. माणूस कसा निवडला, त्याला काय विचारलं आणि त्याच्याकडून काय लिहून घेतलं, एवढ्यावर पुढचं सगळं ठरतं.

कोर्टांनी हेच प्रश्न शेकडो वर्षं अंगावर घेतलेत. न्यायाधीश कोणी नेमायचा, किती वर्षांसाठी, त्याला काढायचं कोणी, त्याचा नातेवाईक समोर आला तर काय. त्यातून निघालेल्या कितीतरी गोष्टी आपल्या स्पर्धेला जशाच्या तशा लागू पडतात, आणि त्यातल्या बऱ्याच फुकट आहेत, फक्त आधी ठरवाव्या लागतात.

आधी काम ठरवा, माणूस नंतर

मराठीत न्यायाधीश, पंच आणि परीक्षक हे तीन शब्द आपण उगाच वेगळे ठेवलेले नाहीत. न्यायाधीश दोन बाजू ऐकून कायद्याप्रमाणे वाद निकाली काढतो, पंच खेळ चालू असताना नियम पाळले जातायत का ते बघतो, आणि परीक्षक दर्जा ठरवतो. स्पर्धेत गोंधळ होतो तो तिन्ही कामं एकाच खुर्चीवर टाकल्यामुळे. म्हणजे गुणही त्यानेच द्यायचे, घड्याळही त्यानेच बघायचं, वेळ जास्त घेतली म्हणून गुणही त्यानेच कापायचे आणि शेवटी टोटलही त्यानेच मारायची. मग तो ऐकणार कधी?

कोर्टात कामं वाटलेली असतात. ज्युरी असते तिथे नक्की काय घडलं हे ज्युरी ठरवते आणि कायदा काय म्हणतो ते न्यायाधीश सांगतो. जपानने २००९ पासून गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत ३ न्यायाधीशांच्या जोडीला ६ सामान्य नागरिक बसवायला सुरुवात केली, आणि निर्णय बहुमताने होत असला तरी त्या बहुमतात किमान एक न्यायाधीश असावाच लागतो, म्हणजे नुसती लोकभावना किंवा नुसतं कायद्याचं पांडित्य, कशाच्याच जोरावर कोणाला दोषी धरता येत नाही. आपल्याला एवढं सगळं करायची गरज नाही, पण टाइमकीपर वेगळा ठेवा, बेरजा करणारे दोन जण वेगळे ठेवा, आणि नियम मोडला की नाही हे सांगणारा एक माणूस आधीच नावानिशी ठरवा. परीक्षकाने फक्त परीक्षण करावं.

आकडा विषम ठेवा, ३ किंवा ५. दोन परीक्षक बोलावणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे कारण दोघांचं जुळलं नाही की तिसरा निर्णय आयोजक घेतात, आणि मग स्पर्धा आयोजकांनीच ठरवली असं होतं, तेही खरंच असतं. सम संख्या ठेवायचीच असेल तर बरोबरी झाल्यावर काय करणार ते आधी लिहून ठेवा. जर्मनीच्या घटनात्मक कोर्टात प्रत्येक पीठात ८ न्यायाधीश असतात, आणि ४ विरुद्ध ४ झालं तर कायदा घटनाबाह्य ठरवता येत नाही हे तिथे आधीपासून लिहिलेलं आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयात मतं समसमान पडली तर अध्यक्षाचं मत निर्णायक धरतात. दोन्ही पद्धती चालतात, कारण त्या वाद उभा राहायच्या आधी ठरल्यात.

नेमणार कोण, हाच खरा प्रश्न

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाकी सगळं नीट करून लोक नेमके इथे घसरतात.

जगात न्यायाधीश नेमायच्या पद्धती एकमेकींपेक्षा फार वेगळ्या आहेत. अमेरिकेत सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांची नावं राष्ट्राध्यक्ष सुचवतात, सिनेट मंजुरी देतं आणि मग ती नेमणूक आयुष्यभरासाठी. ब्रिटनमध्ये २००६ पासून इंग्लंड आणि वेल्ससाठी स्वतंत्र न्यायिक नियुक्ती आयोग आहे, रीतसर अर्ज मागवतात, आणि त्या आयोगाचा अध्यक्ष न्यायाधीश किंवा वकील नसलेला माणूस असावा लागतो. भारतात १९९३ च्या निकालापासून कॉलेजियम पद्धत, म्हणजे न्यायाधीशच न्यायाधीशांची नावं सुचवतात, सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीश अशी रचना १९९८ मध्ये पक्की झाली, मग संसदेने ९९ वी घटनादुरुस्ती करून नेमणुकांचा आयोग आणला आणि सुप्रीम कोर्टाने तो २०१५ मध्ये ४ विरुद्ध १ मतांनी रद्द केला. जर्मनीत घटनात्मक कोर्टाचे १६ न्यायाधीश अर्धे एक सभागृह निवडतं, अर्धे दुसरं, आणि दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं लागतात, त्यामुळे कुठल्याही एका पक्षाला केवळ आपला माणूस घुसवता येत नाही, विरोधकांनाही चालेल असं नाव आणावं लागतं. मला विचाराल तर शेवटची पद्धत स्पर्धांसाठी सगळ्यात शिकण्यासारखी आहे.

उलटं उदाहरणही बघा. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत न्यायाधीश निवडणुकीने येतात. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीविरुद्ध ५ कोटी डॉलरचा निकाल लागला होता, अपील व्हायचं होतं, आणि त्याच सुमारास त्या कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवाराला राज्याच्या वरच्या कोर्टात निवडून आणण्यासाठी सुमारे ३० लाख डॉलर खर्च केले. तो निवडून आला, त्याच कंपनीच्या अपिलात बसला, आणि ३ विरुद्ध २ ने कंपनी जिंकली. २००९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या न्यायाधीशाने बाजूला व्हायला हवं होतं. त्याने खरोखर पक्षपात केला हे सिद्ध करायची गरजच कोर्टाला वाटली नाही. ज्याने खुर्चीवर बसवलं त्याचाच निवाडा करायचा, ही परिस्थितीच चुकीची.

आता हे आपल्या स्पर्धेवर आणा. प्रायोजकाचा माणूस परीक्षक असेल आणि प्रायोजकाच्या ऑफिसातल्या लोकांची मुलं स्पर्धक असतील तर तेच झालं. ज्या क्लासची वीस मुलं भाग घेतायत त्या क्लासच्या बाईंनी परीक्षकांची नावं सुचवली तरी तेच झालं, नावं चांगली असली तरी. म्हणून साधा नियम करा की ज्याचा स्पर्धक आत आहे त्याने परीक्षक ठरवायच्या चर्चेत बसायचं नाही. नावं दोन वेगळ्या लोकांनी सुचवायची, पाच हवे असतील तर आठ-दहा नावांची यादी करायची, आणि जे नाव दोन्ही बाजूंना चालेल तेच घ्यायचं. नावं सुचवताना प्रत्येकापुढे एक ओळ लिहायची, हाच माणूस का. "मोठे आहेत", "नाव आहे त्यांचं" हे कारण धरायचं नाही. निबंध तपासायला नट बोलावला तर हॉल भरेल पण निबंध कोण वाचणार?

मग येतो कार्यकाळ. १७०१ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला की न्यायाधीशांची वर्तणूक चांगली असेपर्यंत त्यांना पदावरून हलवता येणार नाही, त्याआधी राजाच्या मर्जीवर त्यांचं पद असायचं, निकाल आवडला नाही की घरी. पुढे बऱ्याच देशांच्या घटनांनी आणखी एक गोष्ट घातली, पदावर आल्यावर न्यायाधीशाचा पगार कमी करायचा नाही. यातलं तत्त्व मी आमच्या स्पर्धेत असं वापरतो की परीक्षकांचं मानधनाचं पाकीट स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच त्यांच्या हातात द्यायचं. निकालानंतर नाही. रक्कम किती का असेना, निकाल लागल्यावर पाकीट देताना आयोजकाचा चेहरा कसा आहे हे परीक्षक बघत असतो आणि पुढच्या वर्षी ते त्याच्या डोक्यात राहतं. आणि मध्येच, पहिल्या फेरीचे गुण आवडले नाहीत म्हणून, परीक्षक बदलायचा नाही. कधीच नाही. आजारी पडला तर बदली कोण हे नाव आधीच ठरलेलं असावं.

दर वर्षी तेच तेच परीक्षकही नकोत आणि सगळेच्या सगळे नवे पण नकोत. आंतरराष्ट्रीय न्यायालयात १५ न्यायाधीश ९ वर्षांसाठी असतात, पण सगळे एकदम बदलत नाहीत, दर ३ वर्षांनी ५ जागांची निवडणूक होते, त्यामुळे जुनी माहिती टिकते आणि नवी नजरही येते. आमच्याकडे पाचातले दोन दर वर्षी बदलतात. एवढ्या एका गोष्टीने "त्यांचं ठरलेलंच असतं" ही कुजबुज निम्म्यावर आली.

एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. आपण "रामशास्त्री बाणा" म्हणतो. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाला आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी थेट राघोबादादांना दोषी धरलं, ज्या दरबारात नोकरी त्याच दरबाराच्या धन्याला. असा माणूस मिळाला तर भाग्यच. पण प्रत्येक स्पर्धेला रामशास्त्री मिळणार नाहीत, आणि मिळतील अशी आशा धरून व्यवस्था उभी करूही नये. साध्या, भिडस्त, कोणाला नाही म्हणता न येणाऱ्या माणसालाही सरळ गुण देता येतील अशी सोय करून ठेवणं हे नेमणाऱ्याचं काम आहे.

हितसंबंध विचारा, लाजू नका

एकदा आमच्या गायनाच्या स्पर्धेत एका मुलीला पहिला नंबर मिळाला. गायली खरंच सुंदर होती, तिन्ही परीक्षकांनी तिलाच वर ठेवलं होतं. नाव पुकारलं, टाळ्या सुरू झाल्या आणि मधूनच विरल्या, कारण मागच्या रांगेत कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "सरांचीच शिष्या आहे ती". आणि होती. तीन परीक्षकांपैकी एकांकडे ती चार वर्षं शिकत होती, आम्हाला माहीत नव्हतं, आम्ही विचारलंच नव्हतं, आणि त्यांनीही सांगितलं नाही कारण त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांचे गुण काढून टाकले असते तरी ती पहिलीच आली असती, मी नंतर घरी बसून बेरीज करून बघितली. पण हे हॉलमध्ये कोण सांगणार? ती स्टेजवर आली, ट्रॉफी घेतली आणि मान खाली घालून उतरली. पुढच्या वर्षी तिने नाव दिलं नाही. तिचं हक्काचं बक्षीस आम्ही नासवलं, एक प्रश्न न विचारल्यामुळे. ते मला अजून लागतं.

कोर्टात हे तत्त्व फार जुनं आहे, स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होता येत नाही. आणि १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये लॉर्ड ह्यूअर्ट या न्यायाधीशांनी एका निकालात त्याला जोड दिली की न्याय नुसता होऊन भागत नाही, तो होताना दिसायलाही हवा. याची किंमत १९९८-९९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च पीठाला मोजावी लागली. चिलीचे माजी हुकूमशहा पिनोशे यांच्या प्रकरणात ३ विरुद्ध २ असा निकाल लागला, नंतर कळलं की त्या पाचांतले लॉर्ड हॉफमन हे त्या खटल्यात सामील झालेल्या अॅम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेच्याच एका संलग्न धर्मादाय संस्थेचे संचालक होते. पैसे घेत नव्हते, त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणी शंका घेत नव्हतं. तरी तो निकाल रद्द झाला आणि नव्या पीठापुढे सगळी सुनावणी पुन्हा झाली. देशातल्या सर्वात वरच्या न्यायाधीशांना हे चुकलं नाही, मग आपण कोण.

म्हणून परीक्षकाला बोलावतानाच स्पर्धकांची यादी पाठवा आणि एका कागदावर सरळ चार प्रश्नांची उत्तरं घ्या. यातला कोणी तुमचा नातेवाईक आहे का. यातल्या कोणाला तुम्ही गेल्या काही वर्षांत शिकवलंय का, किंवा त्यांच्या पालकांशी तुमचा व्यवहार आहे का. कोणाची संहिता, भाषण, चाल तुम्ही आधी बघून दुरुस्त करून दिली आहे का. आणि चौथा प्रश्न, जो सगळे विसरतात, यातल्या कोणाशी किंवा त्यांच्या शिक्षकांशी तुमचं कधी वाजलंय का. प्रेमाइतकाच राग पण गुणांत उतरतो.

उत्तर "हो" आलं म्हणजे माणूस बाद असं नाही. छोट्या क्षेत्रात सगळेच सगळ्यांना ओळखतात, तोंडओळख असली म्हणून कोणाला काढलं तर परीक्षकच उरणार नाहीत. पण नातं किंवा गुरु-शिष्य असेल तर त्या स्पर्धकापुरतं त्यांनी गुण द्यायचे नाहीत आणि उरलेल्या परीक्षकांची सरासरी धरायची, किंवा दुसरा परीक्षक घ्यायचा. अंतिम फेरीत मी दुसराच पर्याय घेतो. आणि जे काही ठरेल ते स्पर्धा सुरू होताना माईकवर सांगून टाका, "अमुक क्रमांकाच्या स्पर्धकाला हे परीक्षक गुण देणार नाहीत", दहा सेकंदांचं काम आहे. निबंध, कथा, चित्र अशा स्पर्धेत तर नावं झाकूनच द्या, प्रत्येक प्रवेशिकेला क्रमांक द्यायचा आणि क्रमांक-नावाची यादी ज्याच्याकडे असेल त्याने परीक्षकांशी बोलायचं नाही.

निकष लिहा आणि एकदा सगळ्यांना एकत्र तपासायला लावा

"आशय, सादरीकरण, भाषा, प्रभाव" असे चार शब्द छापून प्रत्येकाला २५ गुण लावले की निकष झाले असं समजू नका. प्रभाव म्हणजे काय? एकाला आवाज चढला की प्रभाव वाटतो, दुसऱ्याला गप्प बसला की. प्रत्येक निकषाखाली दोन ओळी लिहा, पूर्ण गुण कशाला आणि निम्मे कशाला. आणि मग स्पर्धेच्या आधी अर्धा तास परीक्षकांना एकत्र बसवून जुनं एखादं भाषण किंवा निबंध द्या, सगळ्यांनी वेगवेगळे गुण द्यायचे, आणि मग पत्रकं शेजारी शेजारी ठेवायची. पहिल्यांदा हे केलं तेव्हा एकाच निबंधाला एकाने ४५ दिले होते आणि एकाने ८२. दोघंही अनुभवी शिक्षक. अर्धा तास बोलल्यावर कळलं की एक जण शुद्धलेखनाच्या प्रत्येक चुकीला गुण कापत होते आणि दुसऱ्या बाईंनी ते धरलंच नव्हतं कारण निकषात ते कुठेच नव्हतं. चूक आमची होती. हेच स्पर्धेत झालं असतं तर?

गुणांची मोजपट्टी वरून बंद झाली की काय होतं ते जिमनॅस्टिक्समध्ये दिसलं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीला १० पैकी १० मिळाले, आणि स्कोअरबोर्डवर १.०० दिसलं कारण १०.०० दाखवायची सोयच त्यावर नव्हती. पुढे १० गुण वरचेवर मिळायला लागले, वर जागाच उरली नाही, आणि २००६ पासून त्या खेळाने कठीणपणाचे गुण वेगळे आणि अंमलबजावणीचे वेगळे अशी पद्धत आणली. आपण पण हे करू शकतो. नृत्यात, गाण्यात, वादविवादात काय निवडलं आणि ते कसं निभावलं हे दोन रकाने वेगळे ठेवा, म्हणजे सोपं गाणं बिनचूक म्हणणाऱ्यापुढे अवघड गाण्यात एकदा अडखळणारा उगाच मागे पडत नाही.

स्पर्धेच्या दिवशी, परीक्षकाच्या खुर्चीतून

तुम्ही स्वतः परीक्षक असाल तर पहिल्या स्पर्धकाची सगळ्यात जास्त काळजी घ्या. त्याच्या आधी मोजायला कोणीच नसतं म्हणून हात आखडता राहतो, नाहीतर उलट, छान वाटलं म्हणून १० पैकी ९ दिले जातात आणि मग पाचव्या नंबरला त्याहून कितीतरी भारी कोणी आलं की तुमच्याकडे फक्त एक गुण शिल्लक असतो. मी पहिल्या तिघांचे गुण पेन्सिलने लिहितो, तिसऱ्यानंतर एकदा परत बघतो आणि मग पेनने पक्के करतो, त्यानंतर हात लावत नाही. प्रत्येकापुढे दोन-तीन शब्दांची खूण लिहा, "सुरुवात दमदार, शेवट घाईत" अशी काहीतरी. वीस जणांनंतर चेहरे मिसळतात, खुणा मिसळत नाहीत.

शेजारच्या परीक्षकाशी गुण देऊन झाल्याशिवाय बोलायचं नाही. "काय मस्त बोलली ना" एवढं वाक्य पुरतं, त्यातला ज्येष्ठ माणूस जे म्हणाला तिकडे बाकीचे झुकतात, वाईट हेतू कोणाचाच नसतो. आयोजकांनी खुर्च्याच मुळात दोन हात अंतरावर ठेवाव्यात. प्रत्येक स्पर्धकानंतर पत्रकाची चिठ्ठी गोळा करावी, शेवटी सगळी एकदम नाही, आणि खाडाखोड असेल तर तिथे परीक्षकाची सही घ्यावी. ब्रेकमध्ये परीक्षकांचा चहा वेगळ्या खोलीत ठेवा, पालकांच्या गराड्यात नको.

आणि परीक्षकाने स्टेजवर शिकवणी घेऊ नये. मुलं थरथरत उभी असतात. एक चांगली गोष्ट, एक सुधारायची गोष्ट, बास.

बेरीज करायच्या आधी हे बघा

हा भाग नीट वाचा, कारण इथे कोणीही लबाडी न करता निकाल उलटा होतो. समजा तीन स्पर्धक आहेत, अ, ब आणि क, आणि तीन परीक्षक, प्रत्येकी १०० पैकी गुण.

पहिले परीक्षक: अ ७२, ब ७०, क ६८
दुसरे परीक्षक: अ ७१, ब ६९, क ७०
तिसरे परीक्षक: अ ५०, ब ८८, क ६०

बेरीज केली तर अ १९३, ब २२७, क १९८. म्हणजे ब पहिला आणि अ चक्क शेवटचा. पण जरा थांबून बघा, तिघांपैकी दोघांनी अ ला पहिलं ठेवलंय. पहिल्या दोघांनी गुण हातचे राखून चार-दोनच्या फरकाने दिले आणि तिसऱ्याने ५० पासून ८८ पर्यंत पसरून दिले, म्हणून एकट्या तिसऱ्याच्या आवडीने स्पर्धा ठरली. बाकीचे दोघं असून नसल्यासारखे.

उपाय सोपा आहे. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून क्रम लावा आणि क्रमांकांची बेरीज करा. अ चे १, १, ३ म्हणजे ५. ब चे २, ३, १ म्हणजे ६. क चे ३, २, २ म्हणजे ७. कमी बेरीज तो पुढे, म्हणजे अ पहिला. किंवा प्रत्येकाच्या तीन गुणांपैकी मधला आकडा धरा, अ ७१, ब ७०, क ६८, इथेही अ च पहिला. पाच परीक्षक असतील तर सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा गुण काढून उरलेल्या तिघांची सरासरी घ्या, म्हणजे कोणी एकाने मुद्दाम चढवलं किंवा पाडलं तरी फारसा फरक पडत नाही. कुठली पद्धत घेता त्याने मला फारसं वाटत नाही, पण ती नियमपत्रिकेत छापलेली हवी, निकाल बघून पद्धत निवडली की संपलं.

एका मताने काय होऊ शकतं ते २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये जगाने बघितलं. जोडी स्केटिंगमध्ये ९ परीक्षकांत ५ विरुद्ध ४ असा रशियन जोडीच्या बाजूने निकाल लागला, मग फ्रेंच परीक्षकावर तिच्याच देशाच्या संघटनेकडून दबाव आल्याचं पुढे आलं, शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावं लागलं, फ्रेंच परीक्षक आणि त्या संघटनेचा अध्यक्ष तीन-तीन वर्षांसाठी निलंबित झाले आणि स्केटिंगची जुनी ६.० ची गुणपद्धतच बदलावी लागली. रशियन जोडीने बिचाऱ्यांनी काय केलं होतं? त्यांच्याही पदकाला कायमचा डाग लागला.

निकाल, कारणं आणि हरकती

कोर्टाचा निकाल म्हणजे नुसतं कोण जिंकलं नसतं, का जिंकलं ते लिहिलेलं असतं, आणि पीठातल्या एखाद्याला पटलं नसेल तर बऱ्याच देशांत तो आपलं वेगळं मत लिहून ठेवू शकतो. हरलेल्या माणसाला ते कारण वाचून निदान कळतं की आपलं ऐकलं गेलं होतं. स्पर्धेत प्रत्येक स्पर्धकाला दोन ओळींचा शेरा आणि त्याचे निकषवार गुण द्या, परीक्षकांची नावं त्यावर नको असतील तर पहिला-दुसरा-तिसरा लिहा. यामुळे भांडणं वाढतील अशी आयोजकांना भीती वाटते, माझा अनुभव उलटा आहे, सगळ्यात जास्त आरडाओरडा झाकलेल्या गुणांवरूनच होतो.

हरकतीची मुदत ठरवा, उदाहरणार्थ निकालानंतर अर्धा तास, लेखी. आणि कशावर हरकत घेता येईल हे पण लिहा: बेरीज चुकली, वेळ चुकीची नोंदली, नियम मोडला, हितसंबंध लपवला. परीक्षकाला काय आवडलं यावर हरकत नाही. खेळांच्या आंतरराष्ट्रीय लवादाचं धोरणही साधारण असंच आहे, मैदानावरच्या परीक्षकाचा निर्णय ते बदलत नाहीत, वाईट हेतू दिसला तरच हात घालतात. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाचा जिमनॅस्ट यांग टे-यंग याच्या पॅरलल बार्सच्या कसरतीची सुरुवातीची किंमत, म्हणजे ज्यातून चुकांचे गुण वजा होतात तो आकडा, परीक्षकांनी १०.० ऐवजी ९.९ धरली, चूक मान्य झाली, तीन अधिकारी निलंबित झाले, तो दशांश मिळाला असता तर त्या गुणांवर सुवर्णपदक त्याचं होतं, पण हरकत वेळेत घेतली गेली नव्हती म्हणून लवादाने निकाल बदलला नाही आणि त्याला ब्राँझवरच थांबावं लागलं. मला हे वाचताना वाईट वाटतं. पण तो नियम सगळ्यांना आधी माहीत होता, म्हणून तुमची मुदत किती आहे हे निकालाच्या आधी माईकवर दोनदा सांगा, छापलेल्या नियमपत्रिकेच्या मागच्या पानावर ते कोणी वाचत नाही.

हरकत आलीच तर ती ऐकायला परीक्षक बसवू नका आणि बेरीज करणाऱ्यालाही नको. ज्याच्या कामावर हरकत आहे तो सोडून दुसरे दोन जण, मूळ चिठ्ठ्या समोर ठेवून, स्पर्धकाच्या देखत. म्हणून त्या चिठ्ठ्या टाकून द्यायच्या नाहीत. पाकिटात घालून, वर तारीख आणि तिघांच्या सह्या, पुढच्या वर्षीचे परीक्षक ठरवायची मीटिंग होईपर्यंत कपाटात ठेवा. त्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा ते पाकीट उघडा, कोणाचे गुण कायम पसरलेले होते, कोणी शेवटच्या पाच जणांना कंटाळून सारखेच दिले, कोणाचे शेरे कामाचे होते ते बघा, आणि मगच नवीन नावांची यादी करायला घ्या.